मनोऱ्याखालचा हौद

जुनं जेल दाखवायला माणसं न्यायची असतील, तर फाटकातून आत शिरण्याआधी सगळ्यांना बाथरूमला पाठवावं. हा धंद्यातला पहिला धडा मी पहिल्याच शनिवारी शिकले. दुसरा असा, की गाइडने स्वतः उन्हाकडे तोंड करून उभं राहायचं, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांवर ऊन येत नाही. आणि फाशीघर सगळ्यात शेवटी ठेवायचं. ते आधी दाखवलं की उरलेलं जेल कुणी बघत नाही, सगळे फोटो काढत तिथेच रेंगाळतात.

मी मुळातली गाइड नव्हे. जेल खात्यात शिवणाची शिक्षिका म्हणून माझी सगळी नोकरी झाली. राज्यं नव्याने आखली गेली तेव्हा माझे वडील त्यांच्या ऑफिसबरोबर नागपूरहून भोपाळला आले आणि इथलेच झाले. माझा जन्म इथला. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि भांडायची वेळ आली की दोन्ही. शिवणाचा डिप्लोमा केला तेव्हा वाटलं होतं की एखाद्या मुलींच्या शाळेत लागेन. लागले ती जेलमध्ये, तीही भोपाळमध्ये नाही, गाडीने दोनएक तासांवरच्या एका कसब्यात. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

कसबा एके काळी इंग्रजांच्या छावणीचा. तिथे त्यांचं चर्च आहे, कब्रस्तान आहे, साहेबाचा बंगला आहे आणि त्यांनीच बांधलेलं दगडी जेल आहे. त्या जेलच्या महिला वॉर्डात मी बरीच वर्षं काढली. मग भोपाळला बदली झाली, पुढे निवृत्त झाले, नेहरू नगरच्या घरात स्थिरावले. दरम्यान कैदी गावाबाहेरच्या नव्या इमारतीत गेले, जुन्या जेलला रंग लागला, तिकीटखिडकी बसली, आणि भोपाळच्या एका टूरवाल्याने दर शनिवारी तिथे बस न्यायला सुरुवात केली. चर्च, कब्रस्तान, बंगला आणि जेल, एका दिवसात इंग्रजी अमदानी. त्याला कुणीतरी सांगितलं की एक मोहरील मॅडम आहेत, त्यांना जेल आतून माहीत आहे. तो घरी आला. मला घरी बसून कंटाळा आलाच होता.

लोकांना वाटतं गाइडचं काम म्हणजे बोलणं. खरं काम मोजणं. बसमध्ये किती बसले, चर्चमधून किती बाहेर आले, कोण कब्रस्तानात मागे राहिलं. कब्रस्तानात नेहमी कोणीतरी मागे राहायचंच. तिथे इंग्रजांच्या लहान मुलांची बरीच थडगी आहेत, तापाने, हगवणीने गेलेली पोरं. आमच्याकडच्या बायका तिथे हमखास डोळ्यांना पदर लावायच्या. मला ते आवडायचं. परक्याच्या पोरासाठी रडता येणं ही चांगलीच गोष्ट आहे.

जेलमध्ये मात्र माणसं वेगळी होत. एकदा पुण्याहून लग्न ठरलेलं जोडपं आलं. त्यांना फाशीघरात लग्नाआधीचे फोटो काढायचे होते. मुलीने लाल घागरा आणला होता. मी म्हटलं, "इथे नको, बाहेर बंगल्याचा व्हरांडा छान आहे." तर मुलगा म्हणाला, "मॅडम, व्हरांड्यात सगळेच काढतात." एक निवृत्त इंजिनीअर दर दहा मिनिटांनी विचारत, "इथे काही दिसतं का हो? म्हणजे रात्रीचं?" एकदा चार तरुण मुलांनी हट्ट धरला की आम्हाला कोठडीत कोंडा, व्हिडिओ काढायचाय. चौकीदाराने हसत कडी लावली. एका मिनिटात त्यांतला सगळ्यात मोठ्याने बोलणारा पोरगा दाराला धडका मारायला लागला. बाहेर काढला तेव्हा त्याचा शर्ट घामाने चिंब होता. मित्र हसत होते. मी त्याला माझ्या बाटलीतलं पाणी दिलं. तो मला हळूच म्हणाला, "आंटी, लोग इसमें रहते कैसे थे?" मी म्हटलं, "राहतात बेटा, राहावं लागतं." त्या जेलविषयी त्या अंगणात मी बोललेलं ते बहुधा सगळ्यात खरं वाक्य असेल.

बाकी मी जे बोलत असे ते लिहून दिलेलं होतं. टूरवाल्याकडच्या एका हुशार मुलाने ते तयार केलं होतं, त्यात मी माझी भर घातली होती. आणि त्या सगळ्यातला सर्वांत गाजलेला भाग हौदाचा.

महिला वॉर्डच्या अंगणात एक दगडी हौद आहे. वॉर्डात न्हाणीघर नाही. बायकांनी त्या हौदावर उघड्यावर अंघोळ करायची, आणि हौदाच्या बरोबर डोक्यावर टेहळणीचा मनोरा. मनोऱ्यावर बंदूकवाला शिपाई, चोवीस तास. मी लोकांना हौदाभोवती गोल उभं करायची आणि म्हणायची, "आता वर बघा." सगळ्यांच्या माना वर जायच्या. मी थोडं थांबायची. मग म्हणायची, "इंग्रजांनी आपल्या आयाबहिणींना इथे अंघोळ करायला लावली." एकदम शांतता पसरायची. कुणी तरी जीभ टाळूला लावून च्-च् करायचं. एकदा एका गृहस्थांनी जोरात घोषणा दिली आणि सगळ्यांनी त्यांना साथ दिली.

यात खोटं काही नव्हतं. हौद इंग्रजांनीच बांधला. मनोराही त्यांचाच. फक्त मी गोष्ट जिथे थांबवत होते तिथे ती थांबलेली नव्हती. मी त्या जेलमध्ये रुजू झाले तेव्हा इंग्रजांना जाऊन कितीतरी वर्षं लोटली होती, आणि बायका त्याच हौदावर, त्याच मनोऱ्याखाली अंघोळ करत होत्या. कैदी नव्या इमारतीत हलवले तोपर्यंत करत होत्या.

सकाळी मी पोचायची तेव्हा तीच वेळ असायची. दोघी-चौघी मिळून एक चादर धरायच्या, पाठ फिरवून, आणि आडोशात एक जण परकरावर घाईघाईने पाणी घ्यायची. पण चादरीने चारी बाजू झाकतात, वरची बाजू झाकत नाही. मनोऱ्यावर असणारे सगळेच वाईट होते असं नाही. काही जण तोंड फिरवायचे. काही नाही फिरवायचे. कोणाची ड्यूटी आहे ते बायकांना वरच्या खोकण्यावरून कळायचं, आणि काही जणांच्या ड्यूटीत त्या अंघोळच करायच्या नाहीत.

मी शिवण शिकवायची, म्हणजे कापड माझ्या ताब्यात होतं. जेलमध्ये कैद्यांकडून काम करून घेऊन माल सरकारी ऑफिसांना पुरवतात, हे बाहेरच्या लोकांना फारसं माहीत नसतं. पुरुषांकडे सतरंज्या आणि फर्निचर असायचं, आमच्याकडे शिवण. आणि आम्ही सगळ्यात जास्त काय शिवलं असेल तर पडदे. रेस्ट हाउसचे, ऑफिसांचे, साहेबांच्या बंगल्यांचे. जाड, अस्तर लावलेले, ज्यातून उजेडही येऊ नये असे. माझ्या बायका ते इतके सफाईने शिवायच्या की भोपाळहून आमच्याच पडद्यांची मागणी यायची. माझं कौतुक व्हायचं.

हौदावर वरून छत किंवा निदान पडदा लावावा म्हणून मी एकदा आमच्या साहेबांकडे गेले होते. ते म्हणाले, "मॅडम, मनोऱ्यावरून अंगणाचा प्रत्येक कोपरा दिसला पाहिजे. सुरक्षेचा प्रश्न आहे. उद्या कुणी विहिरीत उडी मारली तर जबाबदार कोण? तुम्ही?" वॉर्डात विहीर नव्हती. हे मी त्यांना म्हणाले नाही. माझी नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती. नंतर झाली, पण मी पुन्हा गेले नाही. रोज बघितलेली गोष्ट हळूहळू दिसेनाशी होते, आणि मला ती दिसेनाशी झाली, याची लाज मला त्या काळात वाटली नाही. आता वाटते.

गेल्या हिवाळ्यातल्या एका शनिवारी बसमध्ये एक म्हातारी आणि तिची सून होती. सून तिशीची, जीन्स आणि स्वेटर घातलेली, आनंद नगरमध्ये राहणारी, बोलकी. तिनेच मला सांगितलं, "आंटी, अम्मा को पहली बार घुमाने लाई हूँ. खुद बोलीं कि वो जेल वाली बस में चलना है." म्हातारी खिडकीशी बसली होती, डोक्यावर पदर, काही बोलली नाही. चर्चमध्ये ती बाकावर बसून राहिली. कब्रस्तानात फिरलीच नाही, फाटकाशी थांबली. मी मनात म्हटलं, हिला यातलं काही कळत नसेल, सुनेबरोबर बाहेर पडायचं एवढंच कौतुक.

जेलमध्ये शिरल्यावर मात्र ती पुढे आली. मी काही सांगायच्या आत ती वळणं घेत होती. महिला वॉर्डचं दार ठेंगणं आहे, तिथे मी सगळ्यांना वाकायची सूचना द्यायची. ती सूचनेआधीच वाकली. तेव्हा मला लक्षात आलं की ती फार उंच आहे. म्हातारपणानेही ती उंची गेली नव्हती.

मी हौदाशी सगळ्यांना गोल उभं केलं. "आता वर बघा," म्हटलं. सगळ्यांनी वर बघितलं, तिने नाही. ती माझ्याकडे बघत होती. मी माझं वाक्य म्हटलं. नेहमीची शांतता पसरली. आणि त्या शांततेत ती स्पष्ट आवाजात म्हणाली, "ये कब तक चला, मैडम?"

आवाजावरून मला ओळख पटली. रामकली. वॉर्डातली सगळ्यात उंच बाई, म्हणून चादरीचं वरचं टोक धरायला रोज तिलाच बोलवायच्या. दिराच्या खुनाच्या खटल्यात ती कच्ची कैदी म्हणून आत आली होती, खालच्या कोर्टाने शिक्षा दिली, वरच्या कोर्टाने सोडलं. निर्दोष. तोवर तिचा लहान मुलगा मामाकडे मोठा होत होता. काज करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते. मला काय म्हणायचं ते माहीत होतं. पण आठवडाभर आधीच टूरवाल्याने बजावलं होतं की खात्याची परवानगी नाजूक असते, वादग्रस्त काही नको. आणि खरं सांगायचं तर तेही कारण नव्हतं. कारण हे, की "मी इथे होते तोपर्यंत" असं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न मला आला असता.

मी म्हणाले, "अंग्रेज़ गए तब तक."

रामकलीने मान हलवली. "अच्छा," म्हणाली, आणि सुनेच्या मागे जाऊन उभी राहिली.

मी पुढे फाशीघर दाखवलं. काय बोलले ते आठवत नाही. मग चहासाठी सगळे फाटकाबाहेरच्या टपरीवर गेले. सून फोनवर बोलत थोडी लांब गेली, तेव्हा मी रामकलीजवळ जाऊन बसले. आमचं बोलणं हिंदीतच झालं, इथे बरंचसं मराठीत लिहिते.

"ओळखलंत?" मी विचारलं.

"तुम्हाला मी बसमध्येच ओळखलं, टीचरजी. तुमचा आवाज तोच आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"सुनेला माहीत नाही." तिने चहा बशीत ओतला. "मुलालाही नीट माहीत नाही. त्याला मामाने सांगितलं होतं, आई मजुरीला बाहेरगावी आहे. पुढे त्याला कुठून कुठून कळलं असेल, पण घरात विषय नाही. सून चांगली आहे. मला वाटायचं, मरायच्या आधी एकीला तरी सांगून टाकावं. पण घरात बसून कसं सांगायचं? कुठून सुरुवात करायची? मग टीव्हीवर या बसचं बघितलं. म्हटलं, हिला तिथे घेऊन जाते. जागा समोर असली की बोलता येईल."

मी माझा कप बाकावर ठेवला.

"मी तुम्हाला अडचणीत आणायला विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाला असता की नंतरही चालू होतं, तर मी तिला तिथेच सांगितलं असतं, बेटा, मीही इथे होते. तुमच्या बोलण्यावर मला पाय ठेवता आला असता. आता तुम्हीच म्हणालात की इंग्रज गेले आणि बंद झालं. मग मी काय सांगू? ती म्हणेल, अम्मा, तुम तो अंग्रेज़ों के ज़माने की हो नहीं."

ती हसली. खरंच हसली, टोमणा नव्हता. मला वाटलं तिने चहा माझ्या अंगावर टाकला असता तरी बरं झालं असतं.

मग तीच म्हणाली, "तुम्ही वाईट नव्हता. एक दिवस सगळ्या कामाला लागल्या होत्या, माझ्यासाठी चादर धरायला कुणी उरलं नव्हतं. तुम्ही हातातलं पडद्याचं कापड पसरून उभ्या राहिलात. आठवतं?"

मला आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. मी खूप प्रयत्न केला. असं घडलं असेल, किंवा दुसऱ्या कुणा बाईने केलेलं तिने माझ्या नावावर जमा केलं असेल, किंवा समोर बसलेल्या माझं तोंड बघून तिने ते तिथेच रचलं असेल. मी "हो" म्हणाले. हे त्या दिवसातलं माझं दुसरं खोटं.

परतीच्या बसमध्ये सगळे पेंगतात. गाइडने माइक बंद करून पुढच्या सीटवर बसायचं असतं. बस कसब्याबाहेर पडली आणि मी माइक घेऊन उभी राहिले. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. ठरवत बसले असते तर भोपाळ आलं असतं.

"मी हौदापाशी एका प्रश्नाचं उत्तर चुकीचं दिलं," मी म्हणाले. "ते इंग्रज गेल्यावर थांबलं नाही. आपल्या राज्यातही तसंच चालू राहिलं. मी त्या जेलमध्ये नोकरीला होते, मी ते रोज बघितलं. बायका त्याच हौदावर अंघोळ करायच्या, आणि वर शिपाई असायचा. त्यांच्यातल्या बऱ्याच जणींवर गुन्हा सिद्धही झालेला नव्हता."

पेंगणारे जागे झाले. मागून कुणीतरी "क्या बोल रही हैं?" असं विचारलं. आणि मग जो प्रश्न मला नको होता तो आलाच, आणि विचारला रामकलीच्या सुनेने. रागाने नाही, अगदी सरळ, जसं विद्यार्थी विचारतो तसं.

"तो आंटी, आपने क्या किया?"

मी म्हणाले, "एकदा साहेबांकडे गेले. ते नाही म्हणाले. मग मी गप्प बसले, आणि त्या बायकांकडून सरकारी बंगल्यांचे पडदे शिवून घेतले."

रामकली खिडकीबाहेर बघत होती. गव्हाची शेतं होती, त्यात आता फार उजेड उरला नव्हता. तिचा हात मात्र सुनेच्या हातावर होता, एवढं मला दिसलं.

मधल्या रांगेत नागपूरचे एक गृहस्थ होते, सकाळपासून माझ्याशी प्रेमाने मराठीत बोलत होते, आमच्या मोहरील आडनावावरून नाती जुळवत होते. भोपाळला उतरताना ते माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "मॅडम, आम्ही इतिहास बघायला आलो होतो. तुम्ही आपल्याच घरची धुणी धुतलीत. परक्या लोकांदेखत." मी त्यांना विचारलं नाही की बसमध्ये परकं कोण होतं. त्यांनी टूरवाल्याला लांबलचक तक्रार केली.

टूरवाला माणूस म्हणून वाईट नाही. त्याने मला बोलावून चहा पाजला आणि म्हणाला, "मॅडम, लोग छुट्टी मनाने आते हैं. उन्हें अंग्रेज़ों पर गुस्सा आए, वहाँ तक ठीक है. अपने ऊपर गुस्सा आए तो अगली बार नहीं आएँगे." मी म्हटलं, मी हौदापाशी आता पूर्ण तेच सांगेन, नाहीतर हौद दाखवणार नाही. तो म्हणाला, हौद तर सगळ्यांना आवडतो. त्यानंतर मला जेलच्या बसवर पाठवलं नाही. सांचीला पाठवतात, भीमबेटकाला पाठवतात. तिथे कुणाला लाज वाटायचं कारण नाही. जेलच्या बसवर आता एक तरुण मुलगी जाते, छान बोलते म्हणे. हौदापाशी ती काय सांगते, हे मी तिला विचारलेलं नाही. विचारायला हवं होतं. खात्यालाही लिहायला हवं होतं की तिथल्या पाटीवर दोन ओळी वाढवा. मी लढले नाही. माझ्या वयाची सबब सांगता येईल, पण तरुण असतानाही मी लढले नव्हते.

रामकलीचं काय झालं ते मला पुष्कळ दिवस कळलं नाही. मग एके दुपारी तिच्या सुनेचा फोन आला. नंबर तिने टूरवाल्याकडून घेतला होता. "आंटी, अम्मा ने मुझे सब बता दिया," ती म्हणाली. "उसी दिन, बस से उतर के. घर तक पैदल आए हम, रास्ते भर बताती रहीं." पुढे म्हणाली, "मी त्यांच्या मुलालाही सांगितलं. तो रडला. मग दोन दिवस बोलला नाही. आता रोज त्यांच्या शेजारी बसून जेवतो." आणि मग, "अम्मा कहती हैं टीचर जी को खाने पे बुलाओ."

मी टाळत होते. पण तिने दोनदा, तीनदा बोलावलं, तेव्हा गेले. आनंद नगरमध्ये एका कारखान्याच्या बाजूला वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. रामकलीने स्वतः मक्याची भाकरी आणि चण्याची भाजी केली होती. मुलगा कामावर होता. तिने मला तिच्या खोलीतलं शिवणयंत्र दाखवलं. सून म्हणाली, गल्लीतल्या सगळ्या बायकांची ब्लाउजं अम्माच शिवते. मी एक ब्लाउज उलटं करून बघितलं. काज अजून तसेच होते, एकाही धाग्याची गाठ दिसत नव्हती.

जेवण चाललं होतं तेव्हा शेजारीण आली. ब्लाउज न्यायला आली होती. साठीच्या आतबाहेरची, चौकस बाई. मला बघून म्हणाली, "मेहमान आए हैं?"

"हमारी टीचर हैं," रामकली म्हणाली. "इन्हीं से सिलाई सीखी."

"अच्छा, कौन से स्कूल में?"

सून स्वयंपाकघराच्या दारात थबकली. मी ताटाकडे बघत होते. माझ्या मनात पटकन एक शाळा तयारही झाली होती, गावाच्या नावासकट. ती मी रामकलीला द्यायला निघाले होते, तिला वाचवायला म्हणून.

"जेल में," रामकली म्हणाली. "ये वहाँ सिखाती थीं. मैं वहाँ बंद थी."

तिने आवाज खाली केला नाही. हातातली भाकरी माझ्या ताटात ठेवली आणि भाजीचं पातेलं जवळ ओढलं. शेजारीण उभीच होती. ती रामकलीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती, जणू ही चेष्टा आहे की खरं, हे मीच सांगायचं होतं. मी बाहेरची, शिकलेली, चष्मेवाली.

"खरं आहे," मी म्हणाले. "या आत राहायच्या. मी संध्याकाळी घरी जायची."